वायनशालेचे स्वराज्य

१९४५ हे वर्ष भारतीय ग्रंथालयांच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातील असा पहिला कायदा म्हणून तो ओळखला जातो. त्याच वर्षी त्रावणकोर संस्थानातील अंबलप्पुळा येथे ४७ ग्रंथालयांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि त्यांनी आपला ग्रंथशाला संघ स्थापन केला. कोल्हापुरात कायद्याने ग्रंथालयांना आधार देऊ केला. त्रावणकोरात लोकांनी आधीच उभ्या केलेल्या ग्रंथालयांनी एकमेकांचा हात धरला. अर्थात संघाचे उद्घाटन दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या हस्ते झाले, तेव्हा राजसत्ता तेथेही फार दूर नव्हती.

या संघाचे प्राण होते पी. एन. पणिक्कर. त्यांचा जन्म १९०९ सालचा, नीलंपेरूर या गावचा. पेशाने ते शाळामास्तर. वयाच्या सतराव्या वर्षी, १९२६ मध्ये, त्यांनी गावात सनातनधर्म ग्रंथालय काढले होते. मल्याळममध्ये वाचनालयाला ‘वायनशाला’ म्हणतात. वाचन म्हणजे एकट्याने, मुकाट्याने करावयाची गोष्ट, अशी आपली सुशिक्षितांची समजूत असते. केरळातील वाचनाचा इतिहास या समजुतीला छेद देतो. एकाने वृत्तपत्र मोठ्याने वाचावे, भोवतालच्यांनी ऐकावे, मग त्यावर वाद घालावा, ही तेथील रीत. कण्णूरकडच्या विडी कामगारांनी तर आपल्यातल्याच एकाला वाचायला बसवले. त्याच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई इतरांनी आपल्या कमाईतून केली. वाचणाऱ्याला पगार देणारे हे श्रोते कोणत्याही विद्यापीठाच्या विस्तारकार्यात नोंदलेले नाहीत. प्रौढशिक्षण हा शब्द रूढ होण्यापूर्वी ते प्रत्यक्षात चालले होते.

संघ वाढला, केरळ राज्य झाल्यावर राज्यभर पसरला. अनुदानही मिळू लागले. १९७५ मध्ये साक्षरताकार्यासाठी युनेस्कोचा क्रुप्स्काया पुरस्कार मिळाला. आणि दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, शासनाने संघाचा कारभार आपल्या ताब्यात घेतला. बत्तीस वर्षे कार्यवाह राहिलेले पणिक्कर बाहेर पडले आणि अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी अनौपचारिक शिक्षणासाठी ‘कानफेड’ ही नवी संस्था उभारली. अनुदान घेणारी संस्था कोणाची, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १९६७च्या अधिनियमानंतर महाराष्ट्रातील ग्रंथालये संस्थाचालकांच्याच हाती राहिली खरी, पण अ, ब, क, ड या वर्गवारीने त्यांच्या कार्यकारिणीचा किती वेळ खाल्ला, हे ज्याने त्या बैठकींना हजेरी लावली त्यालाच ठाऊक.

केरळाने पुढे निराळा मार्ग काढला. १९८९च्या कायद्याने संलग्न ग्रंथालयांतून निवडून आलेल्या तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवरील परिषदांची रचना ठरवली. १९९४ मध्ये राज्य परिषद अस्तित्वात आली. पैसा करातून यावा, कारभार निवडणुकीतून चालावा आणि गावची वायनशाला सभासदांचीच राहावी, असा हा मेळ होता. पक्षीय राजकारण त्यात शिरले, हे खरे. जेथे निवडणूक तेथे ते शिरणारच.

दरम्यान १८ एप्रिल १९९१ रोजी कोळिक्कोड येथे केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. ती करण्याचा मान चेलक्काडन आयिशा या नवसाक्षर स्त्रीला मिळाला. परंतु नवसाक्षराला रोज वाचायला काही मिळाले नाही तर अक्षरे हातून निसटतात. या टप्प्यावर वायनशालेचे महत्त्व घोषणेहून अधिक ठरते.

संगणकाच्या युगात हीच कथा नव्याने घडली. २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षय’ योजना सुरू झाली. घरटी एका व्यक्तीला संगणकाची ओळख करून द्यायची, असा तिचा संकल्प. मात्र केंद्रे खाजगी उद्योजकांकडे सोपवली गेली. हाताशी असलेले ग्रंथालयांचे जाळे तेव्हा मध्यवर्ती मानले गेले नाही, हे मला त्या योजनेतील मोठे न्यून वाटते. २०२२ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लंपारा ही ग्रामपंचायत पूर्ण डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संपूर्ण राज्य. सुमारे २२ लाख लोकांना शिकवले गेले. स्वयंसेवक घरोघरी आणि रोजगार हमीच्या कामांवर गेले. दूरध्वनी करणे, समोरच्याचा चेहरा पाहत बोलणे, शासकीय सेवा मिळवणे, एवढे आले की माणूस साक्षर.

अक्षराचे वळण जन्मभर बदलत नाही. मोबाइलच्या पडद्यावरील खुणा मात्र वर्षा-दोन वर्षांत जागा बदलतात. स्वयंसेवक निघून गेल्यावर सत्तरीच्या शेतकऱ्याने बँकेचा फसवा संदेश कोणाला दाखवावा? बहुतेक गावांत त्याला जाता येईल अशी एक खोली आहे. ती संध्याकाळी उघडते, आणि तिचा कार्यवाह त्याच्याच मताने निवडलेला असतो.