तांदळाच्या दाण्याएवढ्या पार्टसाठी अर्धी संध्याकाळ : प्लॅस्टिक मॉडेलमधले खराब तुकडे दुरुस्त कसे करतात?

रील्स बघताना कधीतरी हा प्रकार समोर येतो. हिरव्या कटिंग मॅटवर एक माणूस चिमट्यात तांदळाच्या दाण्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा धरून बसलाय आणि ब्लेडने तो हळूहळू खरवडतोय. पुढच्या दहा सेकंदांत त्याचं स्पिटफायर विमान रंगवून तयार. रीलमध्ये कापलेला भाग म्हणजे त्या एका तुकड्यावर गेलेली अर्धी संध्याकाळ.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीने पैसे घेऊन विकलेला पार्ट घरी आणून पुन्हा साफ का करायचा?

त्यासाठी मोदकाचा साचा आठवा. साच्याची दोन पाखं घट्ट मिटली नाहीत, तर मोदकाच्या कडेने सारणाची एक बारीक रेघ बाहेर येते. मॉडेल किटचंही तेच होतं. पॉलिस्टायरीन हे प्लॅस्टिक वितळवून, प्रचंड दाबाने पोलादी साच्यात सोडतात. साच्याचे दोन भाग जिथे भेटतात तिथे पार्टवर एक उंचवटा उमटतो, ती सीम लाइन. साचा जुना होऊन झिजला की फटीतून पापुद्र्यासारखं प्लॅस्टिक बाहेर येतं, तो फ्लॅश. पार्ट ज्या काडीला चिकटून येतात तिला स्प्रू म्हणतात आणि तो तोडला की तिथे एक गाठ उरते. थंड झालेला पार्ट साच्याबाहेर ढकलायला पिना असतात, त्यांचे गोल वळ राहतात. जाड भाग थंड होताना आकसून आत बसतो आणि खळगा पडतो. कधी प्लॅस्टिक टोकापर्यंत पोहोचतच नाही आणि पार्ट अर्धवट निघतो.

ब्रिटनच्या एअरफिक्सने आपलं पहिलं स्पिटफायर १९५३ साली बाजारात आणलं. अशा कंपन्यांचे काही साचे अनेक दशकं वापरात राहतात. 'व्हिंटेज क्लासिक्स' नावाने एअरफिक्स आजही जुन्या साच्यांतले किट विकते. त्या डब्यात फ्लॅश निघाला तर फसवणूक झाली असं कुणी मानत नाही. (मधली काही वर्षं एअरफिक्सचे बरेच किट भारतात मोल्ड व्हायचे आणि डब्यावर तसं छापलेलं असायचं. हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.)

एवढ्याशा रेघेने काय बिघडतं, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर स्केलमध्ये आहे. १:७२ म्हणजे खरी वस्तू ७२ पट लहान. सहा फुटी वैमानिक तिथे बरोबर एक इंचाचा होतो. मग मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंटिमीटर. पंखाची मागची कड मॉडेलमध्ये १ मिमी जाड असेल, तर खऱ्या विमानाला जाडजूड फळी लावल्यासारखी ती दिसेल. डोळ्याला सांगता येत नाही नेमकं काय चुकलंय, पण विमान 'खेळण्यातलं' वाटतं. सगळा खटाटोप ते वाटू नये म्हणून.

सुरुवात तोडण्यापासून होते. स्प्रूवरून पार्ट हाताने पिळून काढला की मेला. आधी पार्टपासून थोडं लांब कापायचं, मग उरलेली गाठ दुसऱ्या कापात काढायची. एकाच कापात गाठ उडवायला गेलं की पार्टचा लचका निघतो. रंगीत प्लॅस्टिकवर तिथे पांढरा डागही पडतो. जपानच्या बांदाई कंपनीचे गुंडाम रोबो न रंगवता जोडणाऱ्यांची ही कायमची डोकेदुखी. तो डाग नखाने घासला की बऱ्याचदा फिका पडतो.

सीम लाइनसाठी लगेच पॉलिश पेपर घ्यायचा मोह टाळायचा. ब्लेड जवळपास उभं धरून, धारेने खरवडायचं. कापायचं नाही, आंब्याची कोय खरवडतो तसं. मग ४००, ६००, १००० नंबरचा पेपर, पाण्यात भिजवून. पातळ पार्ट स्प्रूवर असतानाच साफ केलेला बरा, कारण काडीचा आधार असतो.

खरी अडचण गोल पार्टची. बंदुकीची नळी, विमानाचा वेग मोजणारी पिटो ट्यूब, चाकांचे दांडे. साच्याचे दोन भाग केसभर सरकलेले असतील तर नळीचे दोन अर्धे एकमेकांना जुळतच नाहीत, मध्ये पायरी पडते. ती घासून घालवायला गेलं की नळी अंडाकृती होते. आणखी घासलं तर मोडते. इथे अनुभवी मंडळी साफसफाई थांबवतात आणि पार्ट बदलून टाकतात. नवखे मात्र तासभर घासत बसतात.

बदलायचा म्हणजे विकतच आणायचा असं नाही. स्प्रूची काडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर धरून मऊ करायची, बाजूला घेऊन दोन्ही टोकं ओढायची. हळू ओढली तर जाड तार, झटक्यात ओढली तर केसासारखी. विमानाच्या अँटेना कित्येक दशकं अशाच बनतायत. खर्च शून्य. फक्त खिडकी उघडी ठेवायची, कारण जळक्या पॉलिस्टायरीनचा धूर वाईट.

बंदुकीच्या नळीसाठीचा उपाय तर औषधाच्या दुकानात मिळतो. २६ गेजची इंजेक्शनची सुई बाहेरून साधारण ०.४६ मिमी आणि आतून ०.२६ मिमी असते. आतला आकडा ७२ ने गुणा. जवळपास १९ मिमी येतो. स्पिटफायरच्या नंतरच्या अनेक आवृत्त्यांवर २० मिमीच्या तोफा होत्या. म्हणजे नळी आतून पोकळ, आणि मापातही जवळपास अचूक! सुई नवी कोरीच हवी. कानशीने खाच पाडून तोडताना डोळ्यांवर गॉगल हवा आणि टोकाचा तुकडा कचऱ्यात मोकळा टाकायचा नाही.

अर्धवट निघालेल्या पार्टसाठी त्याच किटच्या स्प्रूचे तुकडे लिक्विड सिमेंटमध्ये विरघळवून लगदा करतात. तो सुकला की पार्टचाच भाग होतो. मात्र सुकायला एक-दोन दिवस द्यावे लागतात. घाई असेल तर फेव्हिक्विकवर चिमूटभर खाण्याचा सोडा, क्षणात दगड. दोन सारख्या पार्टपैकी एकच खराब असेल तर चांगल्याचा साचा घेता येतो. जपानमध्ये ओयुमारू नावाची कांडी मिळते. ती गरम पाण्यात मऊ होते आणि थंड झाल्यावर पार्टचा ठसा धरून ठेवते. त्यात इपॉक्सी पुटी दाबायची. आपल्याकडची एम-सील चालते, पण बारीक तपशील तितकासा उठत नाही.

आणि पैसे खर्चायचे असतील तर त्यासाठी एक वेगळा बाजारच आहे. चेक प्रजासत्ताकातली एडुआर्ड कंपनी पितळ-पोलादाचे कोरीव पत्रे आणि रेझिनचे पार्ट विकते. पोलंडची मास्टर कंपनी लेथवर कातलेल्या धातूच्या नळ्या बनवते. हल्ली थ्रीडी प्रिंट केलेल्या सीटही मिळतात, बेल्टसकट. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्लॅस्टिकचं सिमेंट धातू किंवा रेझिनला चिकटत नाही, तिथे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद लागतो. आणि रेझिनची पूड फुप्फुसात जायला नको, म्हणून पाण्यात घासायचं, मास्क लावायचा. शिवाय सगळं मागवलं तर सुट्या पार्टचं बिल मूळ किटच्या वर जातं. कॉकपिट बंद ठेवणार असाल तर आतल्या पिनांचे वळ बुजवण्यातही अर्थ नाही, कुणाला दिसणार आहेत?

काचेच्या पार्टला, म्हणजे कॅनपीला, फेव्हिक्विक लावू नये. त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तिथे साधा फेव्हिकॉल. सुकला की पारदर्शक होतो.

राहता राहिली सगळ्यात मोठी भीती, चिमट्यातून उडालेला पार्ट. परदेशी हौशी लोक म्हणतात, तो 'कार्पेट मॉन्स्टर'ने खाल्ला. आपल्याकडच्या फरशीवर तो उसळून कपाटाखाली जातो. म्हणून बारीक पार्ट कापताना हात आणि स्प्रू दोन्ही पारदर्शक पिशवीत घालतात. तरीही उडालाच तर खोलीतला दिवा बंद करायचा आणि मोबाइलचा टॉर्च फरशीवर आडवा ठेवायचा. अर्ध्या मिलिमीटरच्या तुकड्याचीही लांब सावली पडते. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर पातळ मोजा ताणून बांधायचा. आणि तो पार्ट हाती लागेपर्यंत घरात कुणाला झाडू मारू द्यायचा नाही.