खापर्डे वाडा, अमरावती

वऱ्हाडातील राजकीय व वाङ्मयीन घडामोडींशी निगडित निवासस्थान. अमरावतीच्या मध्यवस्तीत राजकमल चौकाजवळ. देशमुखांच्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांहून त्याची जात वेगळी. हे वतनदाराचे नव्हे, वकिलाचे घर.

गृहस्वामी गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे (1854–1938) यांनी काही वर्षे सरकारी नोकरी केली आणि 1890 मध्ये अमरावतीस वकिली सुरू केली. भरभराटीच्या काळात वर्षाला 90 हजारांवर मिळकत, पागेत घोडे आणि पंगतीला रोज पन्नासेक माणसे, असे चरित्रपर लेखनात आढळते. त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणत. 1897 च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते आणि 1905 च्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष. 1923 मध्ये अमरावतीस विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला, तोही त्यांच्याच पुढाकाराने.

वाड्याच्या इतिहासाचे सर्वांत मोलाचे साधन म्हणजे दादासाहेबांची रोजनिशी. ती इंग्रजीत असून 1879 पासून अखेरपर्यंतच्या वह्या आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. उठण्याची वेळ, भेटीला आलेली माणसे, कोर्टातील काम, रात्रीचे वाचन अशा नोंदी त्यांत सलग येतात. लोकमान्य टिळकांच्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलात दाद मागण्यासाठी ते 1908 ते 1910 इंग्लंडात राहिले, तरी नोंदींचा क्रम सुटला नाही. डिसेंबर 1910 मधील शिर्डीची पहिली भेट आणि डिसेंबर 1911 ते मार्च 1912 हा तिथला दीर्घ मुक्काम, यांविषयीचा भाग पुढे ‘साईलीला’ मासिकातून छापला गेला. साईबाबांच्या दरबारातील दिनक्रम प्रत्यक्षदर्शीच्या लेखणीतून, त्या त्या दिवशीच उतरलेला, इतका विश्वसनीय दुसरीकडे क्वचितच सापडेल. वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासासाठी मात्र या वह्या अजून पुरेशा वापरल्या गेलेल्या नाहीत. राजकारण आणि शिर्डी यांपलीकडचा मजकूर अभ्यासकांनी हाती घेणे अगत्याचे आहे.

शेगावचे गजानन महाराज अमरावतीस आले असता खापर्डे यांच्या घरी गेले, असे ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथपरंपरेत मानले जाते. 1920 नंतर गांधीजींच्या असहकारितेपासून दादासाहेब दूर राहिले. त्याच्या कारणांबाबत चरित्रकारांचे एकमत नाही.

पत्नी लक्ष्मीबाई. त्यांच्या नैवेद्याचा आणि मुलाच्या प्लेगच्या आजाराचा प्रसंग ‘श्रीसाईसच्चरिता’त आला आहे.

पुत्र बाळकृष्ण (बाबासाहेब) हे 1937 च्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या अल्पकालीन मंत्रिमंडळात मंत्री होते. वडिलांचे चरित्र त्यांनीच लिहिले.