सातारा-सांगलीकडील देवशब्दाचें श्रवण



महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाच्या भिंती केव्हां उठल्या, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, ह्यांची नोंद असते. आणि ती असावयासच पाहिजे. परंतु ज्या शब्दाच्या श्रवणासाठीं त्या भिंती उभ्या राहिल्या, तो देवाचा शब्द मराठी लोकांच्या कानांपर्यंत कोणत्या वाटेनें आला, ह्यालाहि एक इतिहास आहे. तो थोडक्यांत सांगावा, आणि त्यावरून आपल्या रोजच्या उपासनेंत व धर्मशिक्षणांत आपणांस काय करावयाचें आहे तें पाहावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आपला हा कृष्णाकांठचा मुलूख श्रवणाचा मुलूख आहे. सज्जनगडच्या रामदासांनीं दासबोधांत नवविधा भक्ति सांगितली, तींत श्रवणास पहिलें स्थान दिलें. गांवोगांव पुराणें, पारायणें व कीर्तनें चालत आलीं. त्यामुळें ज्याला अक्षरओळख नाहीं असा शेतकरीहि आपल्या धर्मकथा जाणत असे. पवित्र शास्त्राची रीत ह्याहून निराळी नाहीं. बाबेलच्या बंदिवासांतून परतलेल्या लोकांपुढें एज्रा शास्त्री पहांटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचीत उभा राहिला, लेवींनीं त्याचा अर्थ फोडून सांगितला, आणि तो समजतांच लोकांच्या डोळ्यांना पाणी आलें, असें नहेम्याच्या पुस्तकांत वर्णन आहे. श्रद्धा ऐकण्यानें उपजते, हें संत पौलानें रोमकरांस कळविलें तें ह्याच अनुभवावरून.

मराठी भाषेला ह्या श्रवणाचा लाभ फार पूर्वीं झाला. इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघी धर्मगुरु थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले व साष्टी प्रांतांतील ख्रिस्ती लोकांत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं, पण पुराण ऐकण्याची त्यांची ओढ सुटली नव्हती. ती ओळखून स्टीफन्स ह्यांनीं आपलें 'ख्रिस्तपुराण' रचिलें. त्याचे दोन भाग आहेत : पहिल्यांत जुन्या कराराची कथा व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र. ओव्यांची संख्या सुमारें अकरा हजार आहे. देवनागरी खिळे पाडून मिळावे म्हणून त्यांनीं १६०८ सालीं रोमला लिहिलें. परंतु तें साधलें नाहीं, आणि १६१६ सालीं राशोल येथें ग्रंथ निघाला तो रोमी लिपींत. लिपि परकी असली तरी ऐकणाऱ्यास तिची अडचण नव्हती. रविवारीं व सणावारीं मिस्सा आटोपल्यावर देवळांत तें पुराण वाचलें जाई आणि लोक तें भक्तिभावानें ऐकत. त्या शतकांत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

पुढें मात्र हा झरा आटला. १६८४ सालीं गोव्याच्या राज्यकर्त्यांनीं फर्मान काढून देशी भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा शिकावी अशी सक्ती केली. फर्मानानें लोकांची मायबोली बुडाली नाहीं, पण देवळांतील मराठी पुराणाचा आवाज क्षीण होत गेला. ज्या अक्षरांसाठीं स्टीफन्स तळमळले, त्या देवनागरी अक्षरांत त्यांचा ग्रंथ छापला गेला तो १९५६ सालीं, पुण्यांत, शांताराम बंडेलू ह्यांच्या परिश्रमानें. मधल्या काळांत तीन शतकांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

ह्या मधल्या काळांत मराठी पवित्र शास्त्राची सेवा मुख्यतः आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंनीं केली, हें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. विल्यम केरी ह्यांनीं श्रीरामपुराहून १८०५ सालीं मत्तयकृत शुभवर्तमान व १८११ सालीं मोडी लिपींत नवा करार प्रसिद्ध केला. अमेरिकन मराठी मिशननें १८२६ सालीं मुंबईस नव्या कराराचें आपलें भाषांतर छापिलें, आणि १८४९ सालीं त्या मिशनचें ठाणें साताऱ्यास पडलें. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभें केलें. कवि नारायण वामन टिळक आपल्या अखेरच्या दिवसांत साताऱ्यास राहिले व १९१७ सालीं त्यांनीं तेथें 'देवाचा दरबार' स्थापिला. ख्रिस्तकथेला कीर्तनाचा व भजनाचा साज चढवून त्यांनीं ती पुन्हा लोकांच्या कानांपर्यंत नेली. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें सोपें भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं केडगांवच्या मुक्तिसदनांतून पूर्णपणें बाहेर आलें.

आपल्या कॅथलिक मंडळींची स्थिति त्यावेळीं काय होती ? १८८६ सालीं पुणें धर्मप्रांताची स्थापना झाली व दक्षिणेंतील हा विस्तीर्ण प्रदेश एका महागुरुस्वामींच्या देखरेखीखालीं आला. नगरच्या बाजूस जर्मन येशूसंघीयांनीं खेड्यापाड्यांतून मराठींत धर्मकार्य चालविलें, आणि १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं 'निरोप्या' हें मासिक सुरू केलें. तथापि मिस्सा सर्वत्र लॅटिन भाषेंत होई. पत्र व शुभवर्तमान वेदीपाशीं लॅटिनमध्येंच वाचलें जाई, आणि प्रवचनापूर्वीं धर्मगुरु त्याचा अर्थ लोकांच्या भाषेंत सांगत तेवढाच. मुलांना प्रश्नोत्तरें तोंडपाठ येत, जपमाळेचे गूढार्थ येत. शास्त्राचा ग्रंथ मात्र घरांत क्वचितच दिसे.

त्यांत एक खरी अडचण होती. मराठींत मिळणाऱ्या ग्रंथांत सहासष्ट पुस्तकें असत. आपलें चर्च त्र्याहत्तर मानतें. टोबीत, यूदिथ, शलमोनाचें ज्ञान, बेनसिरा, बारूख व मक्काबींचीं दोन पुस्तकें त्यांत नसत. लग्नाच्या मिस्सेंत टोबिया व सारा ह्यांच्या प्रार्थनेचें वाचन करूं म्हटलें, किंवा मृतांसाठीं प्रार्थना करण्याचा आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकांतून दाखवूं म्हटलें, तर तें पुस्तकच हातांतील ग्रंथांत सांपडत नसे. धर्मगुरूंनीं सावधगिरी बाळगली ती केवळ हट्टानें नव्हे. परंतु सावधगिरीचा परिणाम असा झाला कीं, शास्त्र वाचणें हें दुसऱ्या मंडळींचें काम, अशी आपल्या लोकांची समजूत होऊन बसली. ही समजूत आजहि पुरती गेलेली नाहीं.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेनें तिच्या मुळावर घाव घातला. १९६३ सालच्या उपासनाविषयक घोषणेनें लोकभाषेस वेदीची वाट मोकळी झाली. १९६५ सालच्या देवशब्दविषयक घोषणेनें पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांस सहज मिळालें पाहिजे असें सांगितलें, आणि विभक्त बंधूंच्या साहाय्यानें भाषांतर करण्यासहि अनुमति दिली. १९६९ सालच्या नव्या वाचनक्रमानें रविवारचीं वाचनें तीन वर्षांवर पसरलीं : एका वर्षीं मत्तय, दुसऱ्या वर्षीं मार्क, तिसऱ्या वर्षीं लूक, योहानाचें शुभवर्तमान विशेषतः उपवासकाळीं व पास्काकाळीं. जुन्या करारासहि रविवारीं पुन्हा मानाचें स्थान मिळालें. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं 'सुबोध बायबल' सिद्ध करून मराठी वाचकांवर मोठे उपकार केले. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१९ सालीं सामान्य काळांतील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला.

तेव्हां आज ग्रंथ मिळत नाहीं ही तक्रार उरली नाहीं; तो प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलमध्यें आहे. उणीव आहे ती श्रवणाची. आमच्या लोकांत कोणी गोव्याकडचे, कोणी नगरकडचे, कोणी दक्षिणेकडचे. घरची भाषा वेगवेगळी. त्यामुळें देवळांतील मराठी वाचन हीच सर्वांची समाईक शिदोरी होते. ती शिदोरी घाईनें, अडखळत व न समजतां वाढली गेली तर समोरची मंडळी उपाशीच घरीं जाते. वाचकाचें काम मानाचें आहे, म्हणून तें पाळीपाळीनें वाटून टाकण्याचें नव्हे. ज्यानें रविवारीं वाचावयाचें, त्यानें शनिवारीं तें घरीं मोठ्यानें दोनदां वाचावें, कठीण नांवें विचारून घ्यावीं, आणि हें कोण कोणास सांगत आहे तें समजून घ्यावें. कीर्तनकार ह्याहून कमी तयारीनें उभा राहात नाहीं.

धर्मशिक्षणाच्या वर्गांतहि हाच नियम. प्रश्नोत्तरें टाकावयाचीं नाहींत, पण आधीं गोष्ट व मग प्रश्न. क्षमा म्हणजे काय ह्याचें उत्तर मुलास पाठ होण्यापूर्वीं, उधळ्या पुत्राचा बाप रस्त्याकडे डोळे लावून बसलेला त्याला दिसला पाहिजे. धर्मगुरुविद्यालयांत आम्हांस शास्त्राचे अर्थ, काळ व मूळ भाषा शिकविल्या गेल्या, आणि त्यांचा प्रवचनास मोठा आधार आहे. परंतु रुग्णाच्या उशाशीं त्यांतलें थोडेंच उपयोगी पडतें. तेथें मेंढपाळाचें स्तोत्र सावकाश म्हटलें कीं पुरे होतें. ज्याला बोलवत नाहीं, त्याचेहि ओंठ त्याबरोबर हलतात. कारण तें त्यानें कधीं काळीं ऐकलेलें असतें. न ऐकलेलें त्या घटकेस आठवत नाहीं.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक कुटुंबास आमची एकच विनंति आहे. शनिवारीं रात्रीं जपमाळ झाल्यावर दुसऱ्या दिवशींचें शुभवर्तमान घरांतील एकानें मोठ्यानें वाचावें व बाकीच्यांनीं ऐकावें. आजीस वाचतां येत नसेल तर नातवानें वाचावें. नातवास अर्थ कळला नाहीं तर आजीनें सांगावा. साष्टीच्या देवळांत चारशें वर्षांपूर्वीं जें सुरू झालें व मध्यें खंडित झालें, तें आपल्या घरांत पुन्हा चालूं लागेल. देवळाच्या भिंतींची डागडुजी पुढील पिढी करीलच. पण शब्द ऐकण्याची संवय तिला आपल्याकडूनच मिळावयाची आहे.

शब्द देही होऊन ज्यानें आमच्यांत वस्ति केली, तो प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस ऐकणारे कान व आचरणारें अंतःकरण देवो, आणि पवित्र मरिया माता, जिनें शब्द ऐकून हृदयांत जतन केला, ती आपणांसाठीं विनंति करो.