पफबॉल

गदाकवकांच्या विभागातील ज्या कवकांचे फळ (फलकाय) चेंडूसारखे किंवा पेअरसारखे असून बीजुके पक्व होईपर्यंत सर्व बाजूंनी बंद राहते, त्यांना पफबॉल म्हणतात. नेहमीच्या अळंबीला छत्री आणि तिच्या खालच्या बाजूस पातळ उभे पडदे असतात. पफबॉलमध्ये हे दोन्ही नसतात. पावसाळी हवेत ती कुरणांत, जंगलातील पालापाचोळ्यावर आणि कुजणाऱ्या लाकडावर उगवतात.

रचना व बीजुकप्रसार : कोवळ्या पफबॉलचा गर पांढरा व घट्ट असतो. पुढे तो पिवळसर, मग तपकिरी होत जातो आणि शेवटी बीजुकांची कोरडी भुकटी व तिला भुसभुशीत ठेवणारे बारीक तंतू एवढेच आवरणात उरतात. इतर अळंब्या बीजुके स्वतःच्या जोरावर उडवतात; पफबॉलला मात्र तसे करता येत नाही. लायकोपर्डॉन पर्लेटम या जातीत माथ्यावर एक छिद्र पडते. पावसाचा थेंब पातळ आवरणावर आदळला की ते दबते आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात बीजुकांचा सेंटिमीटरभर उंच ढग छिद्रातून बाहेर पडतो. पी. एच. ग्रेगरी यांनी 1949 मध्ये अतिवेगवान चित्रणाने ही क्रिया दाखवून दिली. समशीतोष्ण प्रदेशातील कॅल्व्हेशिया जायगँशिया या महाकाय पफबॉलचा व्यास सहसा 10 ते 50 सेंमी. असतो. ए. एच. आर. बुलर यांच्या अंदाजानुसार अशा एका फळात सुमारे 7 लाख कोटी बीजुके होती.

वर्गीकरण : एलियास फ्रीस यांनी 1821 मध्ये बीजुके आत झाकून ठेवणारी कवके गॅस्टेरोमायसिटीज या एकाच गटात घातली. बाह्य रूपावर बेतलेला हा गट दीर्घकाळ प्रचलित होता. डीएनएच्या अभ्यासातून मात्र बंद फळाचे रूप निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे विकसित झाल्याचे सिद्ध झाले. लायकोपर्डॉन, कॅल्व्हेशिया व बोव्हिस्टा या खऱ्या पफबॉल प्रजाती आता अ‍ॅगॅरिकेलीझ गणात, म्हणजे बाजारातल्या बटण अळंबीच्याच गणात मोडतात. जाड सालीचा स्क्लेरोडर्मा बोलेटेलीझ गणात, तर चांदणीसारखा उमलणारा जिअ‍ॅस्ट्रम हा जिअ‍ॅस्ट्रेलीझ या वेगळ्या गणात जातो.

रूपसाम्य किती फसवे असते, हे अ‍ॅस्ट्रिअस हायग्रोमेट्रिकसवरून कळते. पेर्सून यांनी 1801 मध्ये ही जाती जिअ‍ॅस्ट्रममध्ये घातली होती. मॉर्गन यांनी 1889 मध्ये तिला स्वतंत्र प्रजाती दिली. आज ती स्क्लेरोडर्माप्रमाणे बोलेटेलीझमध्ये आहे. झारखंडमध्ये ‘रुगडा’ आणि बस्तरमध्ये ‘बोडा’ या नावांनी, सालवृक्षांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या अ‍ॅस्ट्रिअसची कोवळी फळे पावसाळ्यात आवडीने खाल्ली जातात.

खाद्यता व धोके : खऱ्या पफबॉलपैकी अनेक जाती आतून पूर्ण पांढऱ्या असेतोच खाद्य असतात. स्क्लेरोडर्मा विषारी असून त्याचा गर लवकरच जांभळट-काळा होतो. त्याहून मोठा धोका अमानिटाचा: या प्रजातीतील काही जाती प्राणघातक असून त्यांची न उमललेली फळे पफबॉलसारखीच दिसतात. उभा छेद घेतल्यास त्यांत छत्री, पडदे व देठ यांची आकृती दिसते, तर खऱ्या पफबॉलचा गर एकसारखा असतो. पक्व पफबॉलची भुकटी नाकातोंडात गेल्यास फुप्फुसदाह होऊ शकतो. म्हणून रानातले पफबॉल जाणकाराने जाती ओळखल्याशिवाय आणि प्रत्येक फळ कापून पाहिल्याशिवाय खाऊ नये.