काळजी करणं, काळजी घेणं

आपल्या मराठीत काळजी करतात आणि काळजी घेतातही. क्रियापद बदललं की माणूस बदलतो. मुंबईने हे १९१८ साली अनुभवलं.

त्या जूनमध्ये पोलिसांच्या इस्पितळात सात शिपाई तापाने दाखल झाले. त्यांतल्या एकाचा पहारा गोदीवर होता. सप्टेंबरात इन्फ्लुएंझाची दुसरी, अधिक भयंकर लाट आली. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ माणसं दगावली. रामबाण औषध नव्हतं, अनेक डॉक्टर महायुद्धावर गेलेले. जिवाला घोर लागणारच.

१८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा लोकांनी झडत्यांच्या आणि सक्तीच्या इस्पितळाच्या धास्तीने आजारी माणसं दडवली, शहर सोडलं. दारावरची थाप म्हणजे धसका! १९१८ मध्ये तशी सक्ती नव्हती. निरनिराळ्या जाती-धर्मांच्या संस्थांचे स्वयंसेवक औषधं घेऊन घरोघर जाऊ लागले. आता थाप पडली की कुणीतरी विचारपूस करायला आलेलं असे. मृत्यू थांबले नाहीत, पण घरं एकटी राहिली नाहीत.

साथीत छाती धडधडू लागली, तर हे आठवावं. तोंडाला रुमाल बांधावा, अंतर राखावं आणि शेजारच्या एकट्या आजींना फोन करावा : ‘दूध, औषध काही आणू का?’ भीती जात नाही. तिला काम मिळतं.