सातबाऱ्यावरील कंस आणि एक्सएमएलचा टॅग

खोपोली ज्या खालापूर तालुक्यात मोडते, तेथील एखाद्या गावचा जुना हस्तलिखित सातबारा पाहिल्यास त्यातील दोन खुणा लक्ष वेधून घेतात. नावाजवळ वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक ही पहिली, आणि हक्क संपुष्टात आलेल्या नावाभोवतीचा कंस ही दुसरी. तलाठी नाव खोडून टाकीत नसे. त्यास कंस करी. नाव वाचता यावे, परंतु चालू हक्काचे म्हणून वाचले जाऊ नये, असा त्या कंसाचा अर्थ. मजकूर आणि मजकुराविषयीची सूचना यांतील हा भेद हाच एक्सएमएल या खुणापद्धतीचाही पाया होय.

या पद्धतीची वंशावळ फार जुनी नाही. आयबीएम कंपनीत गोल्डफार्ब, मोशर व लॉरी यांनी १९६९ मध्ये जीएमएलची रचना केली. तीतून १९८६ चे एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक निघाले, आणि त्याचे सुटसुटीत रूप १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल म्हणून संमत झाले. याच कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये कोष्टकाधिष्ठित डेटाबेसचा सिद्धांत मांडला. घर एक, पण स्वभाव भिन्न! कोष्टकातील ओळींना अंगभूत क्रम नसतो आणि एका रकान्यात एकच मूल्य अपेक्षित असते. एक्सएमएलमध्ये मात्र क्रमास अर्थ आहे, घटकाच्या पोटात घटक राहू शकतो, आणि वाहत्या वाक्याच्या मध्येही टॅग घालता येतो.

एकातून दुसऱ्यात नोंद नेण्याचे काम प्रथम प्रोग्रॅमरच्या कोडनेच होत असे. ओळ वाचावयाची आणि प्रत्येक मूल्याच्या मागेपुढे टॅग चिकटवावयाचे. मूल्यातच ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह आले की सारा दस्तऐवज अवाच्य होई. पुढे एसक्यूएल सर्व्हर २००० ने ही सोय डेटाबेसमध्येच आणली व २००३ च्या एसक्यूएल मानकात तिला स्वतंत्र भाग मिळाला. श्रम वाचले, निर्णय मात्र वाचले नाहीत.

सातबाऱ्यातील ‘इतर अधिकार’ हा रकाना या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. आजचा नमुना १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेवर व १९७१ च्या नियमांवर आधारलेला. या एकाच रकान्यात कुळाचे नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतील हिस्सा असे नानाविध हक्क शेजारी शेजारी नांदतात. कर्जत-खालापूर भागात ठाकर व कातकरी यांची वस्ती मोठी असल्यामुळे कलम ३६-अ अन्वये हस्तांतरणावर असलेल्या निर्बंधाची नोंदही येथे महत्त्वाची ठरते. संपूर्ण रकाना एकच घटक म्हणून उचलला, तर माणसास सर्व वाचता येते, पण यंत्रास बोजा कोणता व निर्बंध कोणता हे उमगत नाही. ठराविक घटकांत विभागला, तर कोणत्याच घटकात न बसणारे वाक्य गळून पडण्याचे भय राहते.

रिकाम्या रकान्याचा प्रश्न याहूनही बिकट. उपर्युक्त एसक्यूएल सर्व्हरच्या सोयीत, वेगळी सूचना न दिल्यास, मूल्यहीन म्हणजे ‘नल’ रकान्याचा घटकच निर्माण होत नाही. ‘कूळ नाही’ आणि ‘कुळाविषयी नोंद झालेली नाही’ ही विधाने भिन्न आहेत. १९४८ च्या कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी ज्यांचा मालकीहक्क ठरावयाचा होता, त्यांच्या बाबतीत हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हता. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. अनुपस्थित घटकास असे गृहीतक कसे लागू करावयाचे?

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि आता उतारा बहुधा पडद्यावरच वाचला जातो. अशा नोंदींचे एक्सएमएल करताना हस्तलिखिताच्या संपादकाची रीत अनुसरावी, असे आम्हांस वाटते: मूळ वाक्य अक्षरशः ठेवावे, त्याच्या अंगावरच टॅग चढवावेत, कंसातील नाव ‘समाप्त’ अशा गुणासह व फेरफार क्रमांकासह जतन करावे, आणि रिकामा रकाना रिकामा म्हणूनच लिहावा.