प्यादेमात

इंदूरच्या सुदामा नगरात माझी मावशी राहते. तिच्या घरी गेलं की दिवेलागणीनंतर ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडलेला दिसणार हे ठरलेलं. एका बाजूला मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, आणि दुसऱ्या बाजूला जो कोणी सापडेल तो. मागच्या खेपेला त्यांचा तेरा वर्षांचा नातू सापडला होता. हा मुलगा क्लासला जातो, स्पर्धा खेळतो, मोबाइलवर रात्री उशिरापर्यंत कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांशी डाव टाकतो.

डाव काकांच्या हातात आला होता. नातवाचा राजा कोपऱ्यात कोंडलेला, काकांचा हत्ती मोकळा. एका खेळीत मात, हे माझ्यासारख्या कच्च्या माणसालाही दिसत होतं. काकांनी हत्तीला हातच लावला नाही. त्यांनी एक प्यादं पुढे सरकवलं. पुढच्या खेळीत पुन्हा तेच. तेवढ्यात राजा निसटला, नातवाचं एक प्यादं पलीकडच्या टोकाला पोचून वजीर झालं आणि पाच मिनिटांत काका हरले.

जिंकलेल्या मुलाचा चेहरा मात्र उतरला होता. "आजोबा, तुम्ही मला मुद्दाम जिंकू दिलंत."

"जिंकू कशाला देईन? प्यादेमात करून राहिलो होतो."

"त्याचे काय जास्त मार्क मिळतात?"

या प्रश्नावर काका जे बोलायला लागले ते जेवणाची पानं मांडेपर्यंत थांबले नाहीत. त्यांचं सगळं मला पटलं असं नाही. पण गोव्याला परतल्यावरही तो मुलाचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलो.

मार्क मिळत होते, हे त्याचं खरं उत्तर. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात सगळ्या माती सारख्या नव्हत्या. हत्तीनं किंवा वजिरानं केलेली मात ही साधी मात. प्याद्यानं राजाला गाठलं तर ती प्यादेमात, सगळ्यांत मानाची. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरचं एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. लेखक होते त्रिवेंगडाचार्य शास्त्री, आणि मूळ संस्कृत ग्रंथाचं नाव 'विलासमणिमंजरी'. त्यात डावांतले अडलेले प्रसंग देऊन ते सोडवायला सांगितलं आहे, आणि मात प्याद्यानंच झाली पाहिजे अशी अट असलेले प्रसंगही त्यात आहेत. हत्तीनं सहज होणारी मात सोडून प्याद्याचा हट्ट धरायचा, हे खूळ काकांचं एकट्याचं नाही, दोनशे वर्षांपूर्वी ते छापून निघालेलं आहे.

आता हे प्यादं होतं कसं? अगदीच दुबळं. आजच्या खेळात त्याला पहिल्या चालीत दोन घरं टाकता येतात. देशी खेळात ते सहसा एकच घर चालायचं. आज ते शेवटच्या रांगेत पोचलं की हवं तर सरळ वजीर होतं. देशी खेळात बऱ्याच ठिकाणी नियम असा होता की ज्या पट्टीत ते पोचेल त्या पट्टीतलं मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरी पोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरी घोडा. त्यातही काही ठिकाणी आणखी एक मेख होती. तुमचं ते मोहरं आधी मारलं गेलेलं असलं तरच बढती, नाहीतर प्याद्यानं एक घर अलीकडे ताटकळत उभं राहायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो होतो. रिक्त पद असल्याशिवाय पदोन्नती नाही! आस्थापना विभागात ज्यानं आयुष्य काढलं त्याला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

असं हे पांगळं प्यादं राजाला मात द्यायला पोचणार तरी कसं? त्याची सोय खेळातच केलेली होती. समोरच्याची सगळी मोहरी आणि प्यादी मारून त्याचा राजा एकटा पाडला की त्याला बुर्ज म्हणत, आणि तो पुरता विजय धरला जात नसे. म्हणजे मोहऱ्यांची नुसती कत्तल करून भागायचं नाही. समोर काहीतरी शिल्लक ठेवायचं, ते आपल्यावर उलटणार नाही याकडे लक्ष ठेवायचं आणि त्याच वेळी आपलं प्यादं एकेक घर पुढे रेटायचं. बलवान खेळाडूचे हात बांधणारा हा नियम आहे. दुबळ्या गड्याला शेवटपर्यंत आशा राहते ती यामुळेच. नातवाला परवा ती मिळालीच की!

युरोपात उलटं झालं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे वजिराची राणी झाली आणि तिला पटभर धावायची मुभा मिळाली. त्याबरोबर राणी होऊ शकणाऱ्या प्याद्याची किंमतही वाढली. १७४९ साली फिलिडोर या फ्रेंच खेळाडूनं आपल्या पुस्तकात प्याद्यांना खेळाचा प्राण म्हटलं, आणि आजचे प्रशिक्षकही मुलांना प्याद्यांची साखळी सांभाळायला शिकवतात. तिथलं प्यादं बळकट झालं, अभ्यासाचा विषय झालं. पण त्यानं केलेल्या मातीला वेगळं नाव नाही आणि वेगळा मानही नाही. आपल्याकडे ते दुबळंच राहिलं आणि लाडकं झालं. सत्यजित राय यांच्या १९७७ च्या 'शतरंज के खिलाडी'त मुन्शी नंदलाल लखनौच्या त्या दोन मिर्झांना इंग्रजी पद्धत समजावून देतो, प्याद्याची दोन घरं, वजिराच्या जागी राणी. सिनेमा पाहणारा कंपनीची फौज येते आहे याच काळजीत असतो. मला तिथं त्या दोन घरांचंही वाईट वाटतं.

प्याद्यावर भरवसा ठेवावा की नाही हा वाद आपल्याकडे पटाबाहेरही झाला आहे, आणि इंदूरमध्ये बसून तो आठवू नये असं कसं होईल? होळकरांच्या घराण्याचे संस्थापक मल्हारराव हे घोडेस्वारीच्या लढाईत मुरलेले. पानिपतच्या मोहिमेत त्यांचा सल्ला असा की जड तोफा, बाजारबुणगे, बायकामुलं मागे ठेवावी आणि गनिमी काव्यानं लढावं. सदाशिवरावभाऊंचा विश्वास होता इब्राहिमखान गारद्यावर, त्याच्या तोफांवर आणि रांगेत उभं राहून बंदुका चालवणाऱ्या कवायती प्याद्यांवर. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडत आणली होती. ते तिथंच कापले गेले, इब्राहिमखान पकडला जाऊन मारला गेला, आणि मल्हारराव रणांगणातून सुखरूप बाहेर पडले. वाद कोण जिंकलं? मल्हाररावांचा अंदाज खरा ठरला असं म्हणावं, तर पंचवीसेक वर्षांत महादजी शिंदे द बॉयन्याकडून तसल्याच पलटणी तयार करून घेत होते. काका होळकरांच्या गावचे, पण त्यांचं मत शिंद्यांच्या बाजूनं पडतं. माझंही.

आम्हा गोवेकरांना या शब्दाची एक वेगळी गंमत आहे. पोर्तुगीजमध्ये प्याद्याला पियांव म्हणतात, पायी चालणारा. हिंदुस्थानातल्या इंग्रजीत जो प्यून आला तो याच शब्दातून आला, असं १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशातही दिलेलं आहे. आपलं प्यादं फारसीतून आलं, त्याचाही अर्थ तोच, आणि संस्कृतातला पदाती त्याचाच सख्खा. मराठी कागदपत्रांत प्यादा म्हणजे पायदळातला शिपाईही आणि हुकूम घेऊन गावोगाव जाणारा माणूसही. पटावर उभा असतो तो आणि कचेरीच्या दारातल्या स्टुलावर बसतो तो, दोघं एकाच नावाचे. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या कार्यालयांत त्या स्टुलावरच्या माणसाला मल्टी टास्किंग स्टाफ म्हणायला लागले. पद वर गेलं, चहाची किटली हातात तीच.

काकांनी तेहेतीस वर्षं शिपायाची नोकरी केली. कुठल्या कार्यालयात ते सांगत नाही. साहेब बदलत गेले, त्यांच्यातले काही बुद्धिबळाचे शौकीन होते आणि दुपारच्या सुट्टीत काकांना बोलावून घ्यायचे. अशाच एका साहेबाला काकांनी एकदा प्यादेमात दिली. साहेबानं पट उधळला आणि महिनाभर काकांना खेळायला बोलावलं नाही. हे मावशीनं मला स्वयंपाकघरात सांगितलं. काका स्वतः ती गोष्ट कधी काढत नाहीत.

त्यामुळे नातवाचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. "हत्तीनं हरवलं असतं तर मी हरलो असतो. तुम्ही प्याद्यानं हरवायला गेलात, म्हणजे मला लहान समजलात," असं तो म्हणाला. प्यादेमातीत प्याद्याचा जितका मान, तितका समोरच्या राजाचा अपमान, हे त्या साहेबालाही कळलं होतं आणि या पोरालाही कळलं. शास्त्रीबुवांच्या पुस्तकातल्या कोड्यांना मन नसतं, ओट्यावर समोर बसलेल्या माणसाला असतं. काका यावर काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या बशा बाजूला सारून नातवानंच पट मांडला. अट त्याची. प्यादी दोघांचीही एकच घर चालणार, बढती पट्टीप्रमाणे, आणि प्यादेमातीचे दोन गुण. काकांनी पांढरी घेतली. मी शेजारी बसून गुण लिहायला वही उघडली. डाव पावणेदोन तास चालला आणि शेवटी बुर्ज झाला.